उंदरी नावाची सायकल

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या वर्षी हॅलोताई अकरा महिने इस्पितळात काढून घरी आली आणि येताना न वाकणारा एक गुडघा घेऊन आली.

हॅलोताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, दोन्ही हातांत पिना लावलेल्या दोऱ्या. दिवसभर 'हॅलो, हॅलो' करून जिभेला अशी सवय जडली होती की घरी कुणी दार वाजवलं तरी आतून 'कोण आहे?' ऐवजी 'हॅलो' यायचं. गल्लीने ते उचललं आणि तिची हॅलोताई करून टाकली. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, आईवडील गेलेले. राहायची थोरल्या भावाकडे.

भाऊ पेंटर. म्हणजे चित्रं काढणारा नव्हे, दुकानांचे बोर्ड रंगवणारा. खांद्यावर शिडी, हातात रंगांचे डबे आणि कानामागे खडू. अक्षर असं काढायचा की बोर्डाच्या मध्यावर दोरी धरली तर डावी बाजू आणि उजवी बाजू तराजूत घालावी, गुंजेचा फरक निघायचा नाही. वाकडं काही त्याला बघवायचंच नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन भिंतीवरचा तिरका फोटो सरळ करून येणारा माणूस तो.

डाव्या गुडघ्यात क्षय शिरला होता. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा पाय वाचला होता, पण गुडघा वाकायचं विसरला होता. फार जोर लावला तर चार बोटं वाकायचा, त्यापुढे दार बंद. इस्पितळात पायाचा विषय निघाला की पेंटरच्या डोळ्यांना धार लागायची, इतकी की नर्स आधी त्यालाच पाणी आणून द्यायची. म्हणून घरी आल्यावर कुणी काही न ठरवता एक नियम पडून गेला. दादासमोर पाय हा शब्द काढायचा नाही.

एक्स्चेंजचं पत्र आलं ते घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी. सात आठवड्यांनी, एक तारखेला, सोमवारी सकाळी ठीक सात वाजता कामावर हजर व्हावे. हजर न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल. येण्याजाण्याची सोय कर्मचाऱ्याने स्वतः करावी.

एक्स्चेंज चार किलोमीटरवर. पहिली बस सव्वासातला. हॅलोताईने एकदा चालून पाहिलं. जायला दीड तास लागला आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरता येईना. पेंटरने कुणाची तरी सायकल मागून आणली आणि तिला मागे कॅरिअरवर बसवलं. तिचा पाय रेल्वेच्या सिग्नलसारखा आडवा बाहेर आला आणि पहिल्याच वळणावर एका हातगाडीतले अर्धे टोमॅटो घेऊन गेला.

"राहू दे गं," पेंटर म्हणाला. "मी आहे ना! घरी बस आरामात."

घरी बस! त्याने मायेनेच म्हटलं होतं, पण हॅलोताईला ते नको होतं. त्या बोर्डासमोर बसलं की सारं शहर तिच्या बोटांतून बोलायचं. कुणाला मुलगा झाला, कुणाचे वडील गेले, कुणाचं भांडण मिटलं, सगळं आधी तिच्या हातातून जायचं. त्या खुर्चीवर ती कुणाची बहीण नव्हती, कुणाची नणंद नव्हती, कुणाची आजारी पोरही नव्हती. ती जागा गेली तर आपण या घरातल्या कोपऱ्यातली एक वस्तू होऊ हे तिला पक्कं कळत होतं.

राहता राहिली वहिनी. वहिनीला या घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आई नव्हती, त्यामुळे ही दुकानातच वाढली, पंक्चरच्या पाण्यात हात घालून. लग्नाच्या वेळी हॅलोताई मावशीला म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे गं, पण नखांतलं काळं काही जन्मात निघायचं नाही." नेमकी नवी नवरी दाराआड कपबशा घेऊन उभी. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे सरकारी कारभार. "वन्सं, जेवायला वाढलंय." "हो, आले." संपलं.

पत्र येऊन आठवडा झाला होता. एका दुपारी हॅलोताई खिडकीत बसली होती आणि वहिनी तिच्याकडे टक लावून बघत होती. चेहऱ्याकडे नव्हे, पायाकडे.

"काय बघताय?" हॅलोताई फणकारली.

"वाकवा जरा."

"काय?"

"गुडघा हो. जेवढा वाकतो तेवढा वाकवा."

हॅलोताईला राग आला, पण इतक्या महिन्यांत डॉक्टर सोडून कुणी त्या पायाशी असं सरळ बोललं नव्हतं. तिने वाकवला. वहिनीने कमरेला खोचलेली शिलाईची टेप काढली, टाच किती वर येते ते मोजलं आणि ओठ हलवत मनाशी काहीतरी गणित केलं.

"मिळेल," ती म्हणाली.

"काय मिळेल?"

"सायकल. विकत नाही मिळायची. अशी सायकल कुणी करत नाही. करावी लागेल." मग जरा थांबून, चेहऱ्यावरची रेष न हलवता, "माझ्या नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, वन्सं. आता ते तुमच्या कामाला येईल."

हॅलोताईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाईने अशी बाहेर काढली, जसा दळणातून खडा काढावा. आणि काढून बाजूला ठेवून दिली. पुन्हा कधी तिचा उच्चार केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघी पेंटर कामाला गेला की कुबेराकडे जाऊ लागल्या. कुबेर म्हणजे भंगारवाला. गल्लीच्या मागे, नाल्याकाठी त्याचं पत्र्याचं मोठं आवार होतं आणि भंगाराच्या डोंगरावर तो मोडक्या आरामखुर्चीत राजासारखा बसायचा. सायकलींचा ढीग एका बाजूला, एकात एक अडकलेला.

"काय पाहिजे बाई?" कुबेराने विचारलं.

"बायकांच्या सायकलीची फ्रेम. आडवा दांडा नको. पाय वरून टाकता येत नाही."

"रंगवलेली आहे एक, तिकडे. झकास."

"रंगवलेली नको," वहिनी म्हणाली आणि ढिगात शिरली.

हॅलोताई एका उलट्या बादलीवर बसून बघत राहिली. घरात मान खाली घालून वावरणारी ही बाई तिथे कोपरापर्यंत हात घालून लोखंड उपसत होती. एकेक तुकडा बोटाच्या नखाने वाजवायची, कान लावायची, ठेवायची नाहीतर फेकायची. फ्रेम मिळाली ती कुठल्याशा इस्पितळाच्या शेडमागे दहा वर्षं पाऊस खात पडलेली, विटेच्या रंगाची झालेली. हँडल मिळालं पाववाल्याच्या सायकलीचं, रुंद, बैलाच्या शिंगांसारखं. सीट कुठल्या पोस्टमनची, खाली दोन जाड स्प्रिंगा. मागचं चाक बर्फवाल्याच्या सायकलीचं, जाड. पुढचं एका शाळकरी मुलीच्या सायकलीचं, दोन इंचांनी लहान.

"अहो, चाकं सारखी नाहीत," हॅलोताई म्हणाली.

"सारखी कशाला हवीत? ती काय एकमेकांशेजारी चालणार आहेत?"

खरी करामत दोन गोष्टींत होती. एक म्हणजे सीटचा नळ. वहिनीने तो लोहाराकडून मागे वाकवून घेतला. आता सीट जवळजवळ मागच्या चाकावर गेली आणि पाय खाली न जाता पुढे गेले. बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकायचे, म्हणजे पडायची भीती नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पायडलची डावी दांडी. ही दांडी जितकी लांब तितका पाय वर-खाली जास्त फिरतो आणि गुडघा जास्त वाकावा लागतो. म्हणून उजवीकडे नेहमीची दांडी आणि डावीकडे लहान पोराच्या सायकलीची, तळहाताएवढी. डावा पाय नुसता लहानसा गोल काढणार, गुडघ्याला चार बोटांपेक्षा जास्त काम नाही. जोर सगळा उजव्याचा.

"हे कुठे शिकलात?" हॅलोताईने विचारलं.

"बाबांनी एका शिपायासाठी केली होती. लढाईवरून आला होता पाय असाच घेऊन. तेव्हा मी बारा वर्षांची होते, पाने हातात देत होते." वहिनीने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "तो पहिल्यांदा चालवून आला ना, तेव्हा बाबांच्या पाया पडायला लागला. बाबा म्हणाले, अरे वेड्या, ब्रेक आधी तपास."

रंगाचं प्रकरण घरी पेटलं. सायकल मागच्या अंगणात उभी राहिली तेव्हा पेंटर कामावरून आला, त्याने शिडी खाली ठेवली आणि सायकलीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"हे काय आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"सायकल," वहिनी म्हणाली.

"उद्या रविवार. मी हिरवा काढतो. बाटलीचा हिरवा, आणि त्यावर पिवळी रेघ. अशी चमकवतो की..."

"रंग लावायचा नाही."

"अगं, पेंटरच्या घरातून ही बाहेर पडणार? लोक काय म्हणतील?"

"अहो, जुन्या लोखंडाला कुठे कधी तडा जाईल सांगता येत नाही. उघड्या लोखंडावर तडा गेला की गंजाची बारीक रेघ उमटते, सकाळी पुसताना दिसते. रंगाखाली काय दिसणार? वन्सं भर रस्त्यात पडल्यावर दिसेल. बाबा भंगारातून जुळवलेल्या सायकलीला कधी रंग लावत नव्हते. गाडीचं जळकं तेल चोळायचं, बस्स."

पेंटरने एकदा सायकलीकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि हात वर केले. "बरं बाई. थेंबसुद्धा लावणार नाही. शब्द दिला."

शेजारचे शिंपीकाका भिंतीवरून डोकावले. तोंडात टाचण्या धरूनही त्यांना बोलता यायचं. "पेंटर, हा प्राणी कुठला पाळलास?"

"सायकल आहे, काका."

"छे, छे. मातकट रंग, बुटकी मान, मागे ब्रेकची तार शेपटीसारखी लोंबतेय. उंदरी आहे ही! दूध पाजता की नाही तिला?"

नाव तिथेच पडलं. गल्लीत नाव पडायला तेवढंच लागायचं.

शिकायला तीन आठवडे गेले. पेंटर सकाळी गेला की दोघी नाल्याकाठच्या सपाट रस्त्यावर. वहिनी मागून सीट धरून धावायची आणि सगळी शिस्त ओरडून लावायची. "खाली काय बघता? चाकं जागेवरच आहेत!" "उजवा, उजवा दाबा, डाव्याला नुसतं जाऊ द्या, पाहुणा आहे तो!" पहिल्या आठवड्यात हॅलोताई तीनदा नाल्याच्या कठड्याला भिडली आणि एकदा कुबेराच्या कुत्र्याला. दुसऱ्या आठवड्यात एकदा ती मागे न बघता बोलत राहिली, "वहिनी, आता सोडू नका हं, वहिनी, ऐकताय ना?" आणि उत्तर आलं ते फार लांबून. वहिनी शंभर पावलं मागे, कमरेवर हात ठेवून उभी होती, धापा टाकत, हसत.

हॅलोताईला त्या क्षणी रडू आलं, पण रडताना सायकल चालवता येत नाही हे तिला तेव्हाच कळलं, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

पेंटरला एवढंच सांगितलं होतं की तिला जमतंय. कसं जमतंय, आखूड दांडी का आहे, गुडघा किती वाकतो, हे सांगायचं म्हणजे पायाचा विषय काढणं आलं. तो नियम दोघींनीही मोडला नाही. रडका माणूस तो, उगाच कशाला, असं दोघींना वाटलं.

एक तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दोघी बसने एक्स्चेंजपर्यंत जाऊन आल्या. वाटेत रस्ता खणला होता म्हणे, तर कुठून वळायचं ते बघायला. संध्याकाळी परतल्या तर उंदरीवर पेंटरचं रंग पुसायचं मोठं फडकं पांघरलेलं.

"काय केलंत?" वहिनीने विचारलं.

"उद्या सकाळी बघा. एक छोटी भेट. आणि रंगाचा थेंब नाही, शब्द म्हणजे शब्द."

वहिनीने फडक्याची एक कड उचलली, लोखंड उघडंच आहे हे पाहिलं आणि सोडली. दोघी दमल्या होत्या.

सोमवारी सहाला उजाडलेलं होतं. चहा झाला, डबा बांधला, हॅलोताईने जुना निळा कोट घातला. पेंटरने जादूगारासारखं फडकं ओढलं. उंदरी तेलाने चमकत होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन दांड्या होत्या. लांब, एकसारख्या.

"रोज बघत होतो मी," पेंटर म्हणाला. त्याच्या आवाजात नुसता आनंद होता. "एक दांडी एवढी, एक तेवढी. म्हटलं, बिचाऱ्या दोघी बायका, मिळालं ते लावलं. काल कुबेराकडे घेऊन गेलो. तो नव्हता, त्याचा मेहुणा होता. त्याने जुनी काढून घेतली आणि ही बसवून दिली. आता बघ कशी दोन्हीकडून सारखी दिसते!"

हॅलोताईने सवयीने सीटवर बसून डावा पाय पायडलवर ठेवला आणि उजव्याने दाबलं. डावं पायडल वर आलं, गुडघा चार बोटांपर्यंत गेला आणि तिथे अडकला. मांडीत कळ उठली. ती ओरडली नाही, पण पेंटरने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं. सगळं एकदम कळलं.

"कुबेराकडे जातो," तो म्हणाला. तो निघालाच होता.

"तो नऊला उघडतो," वहिनी म्हणाली.

"दार तोडतो!"

"आणि ढिगात कुठे शोधाल ती?" वहिनीने त्याच्या हाताला धरलं. "रडायचं नाही. आत्ता नाही. अहो, ऐका. चूक तुमची एकट्याची नाही. आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही. चूक तिघांत वाटून घेऊ, पण संध्याकाळी. हातोडी द्या."

साडेसहा वाजायला दहा मिनिटं होती. वहिनी जमिनीवर बसली. डाव्या दांडीची खीळ दोन घावांत काढली, दांडी काढून अंगणात फेकली. आता डावीकडे पायडलच नाही. "डावा पाय फिरवायचाच नाही. नुसता ठेवायचा. कशावर ठेवायचा?" ती स्वतःशीच बोलत होती. पेंटर धावत आत गेला आणि भिंत रंगवायच्या मोठ्या ब्रशचा दांडा घेऊन आला. शिडीची दोरी सोडली. दोघांनी मिळून तो दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीवर आडवा बांधला. नवऱ्याने गाठ मारली, बायकोने ती ओढून पाहिली, पुन्हा मारली.

"आता एका पायाने चालवायची, वन्सं. पण पाय खाली दाबला की वरही तोच ओढायला हवा. नाहीतर पायडल तळाला जाऊन बसेल. पाय बांधायला हवा पायडलला. पट्टा... काहीतरी रुंद..."

पेंटरने आपल्या पँटचा चामडी पट्टा सरकन ओढून काढला. गुडघ्यावर बसून त्याने बहिणीचं पाऊल पायडलवर ठेवलं, दोन वेढे दिले आणि बक्कल लावलं. सबंध आयुष्यात त्याने तिच्या पायाला हात लावायची ती पहिलीच वेळ होती. चांगल्या पायाला का होईना.

"घट्ट झालं का गं?"

"नाही दादा. बरोबर आहे."

साडेसहाला सात मिनिटं होऊन गेली तेव्हा उंदरी गल्लीतून बाहेर पडली. शिंपीकाका दारात दात घासत उभे होते. त्यांनी हॅलोताई पाहिली. तिच्यामागे धावणारी वहिनी पाहिली. तिच्यामागे एका हाताने पँट धरून धावणारा पेंटर पाहिला. म्हाताऱ्याने ब्रश तोंडातून काढला आणि आयुष्यात एकदाच काही बोलला नाही.

चौकापर्यंत वहिनी बरोबर होती. पुढे सपाट रस्ता होता, तिथे उंदरी तिच्या हातातून सुटली. "ओढा! दाबा! ओढा!" एवढंच मागून येत राहिलं, मग तेही नाही.

एका पायाने सायकल चालवणं म्हणजे एका हाताने कपडे पिळणं. दर फेऱ्याला पायडल वर येताना जीव वर यायचा. हॅलोताईने मोजायला सुरुवात केली, बोर्डावर नंबर जोडताना मोजायची तसं. खणलेल्या रस्त्याला कालच पाहिलेल्या गल्लीतून वळसा घातला. चढ आला तेव्हा हँडलवर छाती टेकून ओढलं. घाम डोळ्यांत उतरला. रस्त्यावरचा एक दूधवाला थांबून बघत राहिला, आणि त्याने टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

एक्स्चेंजचं फाटक दिसलं. आतलं मोठं घड्याळही दिसलं. सातला दोन मिनिटं कमी. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, छातीशी हजेरीचं पुस्तक धरून. मोठ्या बाई म्हणजे ऑपरेटरांवरच्या मुख्य. वीस वर्षांत कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं आणि त्यांच्या घड्याळापुढे कुणाची रदबदली चालत नव्हती.

हॅलोताईने फाटकाच्या खांबाला धरून सायकल थांबवली. आणि मग तिला उमगलं की आपल्याला उतरता येत नाही. पाऊल पायडलला जखडलेलं. बक्कल खाली, टाचेकडे. डावा पाय जमिनीवर, उजवा अडकलेला, एक हात खांबाला. सोडला तर आडवी. बक्कल सोडणारा माणूस तीन किलोमीटर मागे, पँट धरून.

"बाई!" ती ओरडली. "मी आले! मी हजर आहे!"

"मग आत या," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. "सही आत होते."

"येता येत नाही! पाय बांधलेला आहे!"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. गंजकी सायकल, दोरीने बांधलेला ब्रशचा दांडा, त्यावर मघापर्यंत टेकलेल्या बुटाचा ठसा, पुरुषाचा पट्टा, आणि घामाने निथळणारी ही. त्यांनी मागे वळून घड्याळ पाहिलं. मग त्या पायऱ्या उतरल्या, आवार ओलांडून फाटकापर्यंत आल्या, पुस्तक उघडून हँडलवर ठेवलं आणि पेन पुढे केलं.

"सही करा. लवकर. वेळ मी घालते."

हॅलोताईने खांबाला कोपर लावून सही केली. अक्षर अगदी डोंगर चढल्यासारखं आलं. मोठ्या बाईंनी त्यापुढे सात असं लिहिलं, पुस्तक मिटलं, आणि मग त्या, त्या मोठ्या बाई, गुडघे टेकून धुळीत बसल्या आणि बक्कल सोडू लागल्या.

"कुणी बांधलाय हा एवढा घट्ट?"

"भावाने."

"आणि ही सायकल?"

"वहिनीने."

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. पट्टा सुटला. त्यांनी तो गुंडाळून तिच्या हातात दिला. "असं घर सांभाळा. चला, बोर्ड वाट बघतोय."

नाल्याकाठी पुढे ढकललेलं रडू तेव्हा आलं. पण हेडफोन कानाला लावला, पहिला दिवा लागला, आणि तिच्या तोंडून 'हॅलो' निघालं ते इतकं ओलं की पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाई, बरं आहे ना तुमचं?"

"फार बरं आहे," ती म्हणाली. "नंबर सांगा."

त्या संध्याकाळी पेंटरने कुबेराचा अर्धा ढीग उपसून ती आखूड दांडी परत आणली. जेवताना चूक तिघांत वाटून झाली. दादासमोर पायाबद्दल बोलायचं नाही हा नियम मोडला, आणि पेंटर रडला, पण नेहमीइतका नाही. त्याच रात्री हॅलोताईने वहिनीला 'अहो' म्हणणं सोडलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली.

कुबेराचं आवार नाल्याच्या रुंदीकरणात गेलं. तो मुलीकडे राहायला गेला आणि तिच्या गच्चीवर त्याने पुन्हा लोखंड जमवायला सुरुवात केली अशी तक्रार जावयाकडून ऐकू यायची. शिंपीकाका नव्वद वर्षं जगले आणि शेवटपर्यंत टाचण्या तोंडात धरून बोलले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोपाच्या भाषणात एकाही ऑपरेटरचं कौतुक केलं नाही, पण जाताना आपली खुर्ची कुणाला द्यावी ते वरिष्ठांना लिहून गेल्या होत्या. ती हॅलोताईला मिळाली. बोर्ड जाऊन यंत्रं आली तेव्हा ती चौकशीच्या नंबरावर बसली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. त्या सगळ्या वर्षांत हजेरीत तिच्या नावापुढे सातनंतरची वेळ एकदाही पडली नाही.

उंदरीच्या फ्रेमला सोळाव्या वर्षी गंजाची बारीक रेघ दिसली, सकाळी पुसताना. वहिनीने त्याच दिवशी ती मोडली आणि चांगले भाग हॅलोताईच्या नव्या सायकलीला आणि इतर सायकलींना वाटून टाकले. कारण तोवर तिच्याकडे तसली माणसं येऊ लागली होती. कुणाचा पाय आखूड, कुणाचा एकच हात, कुणाला पाठ वाकवता येत नाही. अंगणात तिने एकवीस सायकली जुळवल्या, एकीलाही रंग नाही. कुणी आभार मानू लागलं की म्हणायची, "ब्रेक आधी तपासा."

पेंटरने तिच्या अंगणाच्या फाटकावर बोर्ड रंगवला. त्यासाठी त्याला परवानगी होती. शेवटी शेवटी त्याचा हात कापायचा, तरी अक्षर सरळ यायचं. पंच्याहत्तराव्या वर्षी तो झोपेत गेला. वहिनी त्याच्यानंतर नऊ वर्षं होती. शेवटची दोन वर्षं तिला उठता येत नव्हतं, तेव्हा हॅलोताईने तिचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, नखं कापणं. पाहुण्यांनी विचारलं की एवढं कसं होतं तुमच्याच्याने या वयात, तर ती पुढे बोलू द्यायची नाही.

हॅलोताई आता शहाऐंशीची आहे. त्याच घरात, पेंटरच्या मुलाच्या संसारात राहते. घरातल्या सुनेने परवा विचारलं, "आत्या, तुमचं लग्न राहून गेलं याचं कधी वाईट वाटलं का हो?" म्हातारीने फाटकावरच्या बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या भावाचं झालं ना. ते मला पुरलं."